चंद्राची चार गुंजा माती शाळांसाठी राखून ठेवावी : इस्रोच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बेंगळुरू

प्रत माहितीसाठी : माननीय प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : चांद्रयान-४ मोहिमेतून येणाऱ्या नमुन्यांपैकी अल्पसा भाग शालेय विज्ञान प्रदर्शनांसाठी राखून ठेवण्याबाबत

महोदय,

जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मी २१ वर्षे विज्ञान शिकवते आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलामुलींनी चांद्रयान-३ चा देखावा मांडला होता. पुठ्ठ्याचा 'विक्रम', त्याला मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद, बाटल्यांच्या झाकणांची सहा चाके लावलेला 'प्रज्ञान', आणि खाली चंद्राची जमीन म्हणून घरोघरच्या चुलीतली राख पिठाच्या चाळणीने तीनदा चाळून पसरलेली. उंचावरून गोट्या सोडून त्या राखेत विवरे केली होती आणि ती खरोखर हुबेहूब वठली होती. नातवाचे काम पाहायला आलेले एक आजोबा बराच वेळ वाकून त्या राखेकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "पोरी, ही माती तिथलीच हाय का?" आमची मुलगी म्हणाली, "नाही आजोबा, ही आमच्या चुलीतली. तिथली अमेरिकेत हाय." "मग आपलं यान गेलं होतं, त्यानं काय आणलं?" मुलीने माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही, तेव्हा तिनेच उत्तर दिले, "फोटो."

उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेले ते यान परत येण्यासाठी बनवलेलेच नव्हते, आणि त्याने छायाचित्रांपेक्षा पुष्कळ अधिक मोलाचे काम केले, हे मी त्या आजोबांना नंतर समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. समाधान झाले असे मात्र मला वाटले नाही. त्यांचा प्रश्न मनात राहिला, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या, २,१०४.०६ कोटी रुपयांच्या चांद्रयान-४ मोहिमेबद्दल वाचताना तो पुन्हा वर आला, कारण या वेळचे यान चंद्रावरची माती आणि दगड घेऊन परत येणार आहे. म्हणून हे पत्र.

माझी विनंती एका वाक्यात मावते. येणाऱ्या नमुन्यांतला शंभरातला एक भाग, शक्य तर आजच, म्हणजे यान उडण्याच्याही आधी, देशातल्या शाळांसाठी राखून ठेवावा, तो पारदर्शक चकत्यांमध्ये कायमचा बंद करावा, आणि त्या चकत्या तालुक्याच्या व जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनांना उसन्या देण्याची अशी पद्धत घालून द्यावी की त्या मुलांच्या डोळ्यांसमोर राहतील, कपाटात नव्हे. पत्राचा उरलेला सगळा भाग या शेवटच्या शब्दांसाठी आहे.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या अपोलो यानांच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. तिचा मुख्य साठा ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत आहे आणि अगदी थोडा अंश शिक्षणासाठी बाजूला काढलेला आहे. सुमारे १५ सेंटीमीटर व्यासाची अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक चकती, तिच्यात सहा नमुने : तीन दगडांचे, तीन मातीचे. बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड), अ‍ॅनॉर्थोसाइट (फिकट दगड) आणि ब्रेशिया (फुटक्या तुकड्यांचा सांधलेला दगड) हे दगड. चंद्राच्या 'सागरी' म्हणजे काळ्या सपाट प्रदेशातली माती, उंच प्रदेशातली माती आणि अपोलो-१७ च्या हॅरिसन श्मिट यांना १९७२ मध्ये अचानक दिसलेली ती प्रसिद्ध नारिंगी माती. अमेरिकेतल्या शिक्षकाने ठरावीक प्रशिक्षण घेतले की त्याला अशी चकती काही दिवसांसाठी वर्गात आणता येते. ब्रिटनमध्ये नासाकडून मिळालेल्या अशाच चकत्या तिथली सायन्स अँड टेक्नॉलॉजी फॅसिलिटीज कौन्सिल ही सरकारी संस्था शाळांना आणि संग्रहालयांना विनामूल्य उसन्या देते. एखाद्या इंग्रज खेड्यातल्या शाळेत आठवडाभर चंद्राचा दगड मुक्कामाला येतो आणि परत जातो, आणि यात तिथे कुणाला फारसे नवल वाटत नाही.

चंद्राचे नमुने भारतात कधी आलेच नाहीत, असेही नाही. अपोलोने आणि सोव्हिएत 'लुना' यानांनी आणलेल्या नमुन्यांवर भारतीय शास्त्रज्ञ देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच काम केले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांनी त्या खनिजांच्या कणांत उमटवलेल्या सूक्ष्म खुणा वाचण्याचे ते काम जगभर नावाजले गेले. म्हणजे चंद्राची माती अर्धशतकापूर्वी मुंबई-अहमदाबादेच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली होती. तिथून आमच्याकडच्या मंठ्यापर्यंत किंवा जिंतूरपर्यंत येण्याचे तिला कारण नव्हते, कारण ती परक्याची होती आणि संशोधनापुरतीच मिळाली होती. आता येणारी माती आपली असेल, आणि तिचे काय करायचे हे ठरवणे पहिल्यांदाच आपल्या हातात असेल.

"फोटो आहेत, चित्रफिती आहेत, मग खरा दगडच कशाला?" असा प्रश्न आपल्या कार्यालयात कुणी ना कुणी विचारेलच, म्हणून त्याचे उत्तर मी आमच्या मातीतूनच देते.

आमच्या मुलांचे सगळे आयुष्य बेसाल्टवर चालते. घराचा पाया काळवत्री दगडाचा, रस्त्याची खडी त्याचीच, शेतातली काळी जमीन त्याच्याच झिजेतून झालेली, आणि सहलीला वेरूळला नेले तर कैलास लेणेही त्याच दगडात कोरलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले तेव्हा तिथे या थरांची एकूण जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याखाली त्याहून जुना खडक लागला. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्यांत आमच्या आज्या ससा दाखवत आल्या, तोही बेसाल्टच आहे. चांदोबाचा ससा आणि वेरूळचा हत्ती एकाच जातीच्या दगडाचे आहेत, हे सांगितले की वर्ग एकदम शांत होतो. पण पुढची गोष्ट शब्दांनी सांगता येत नाही, ती दोन दगड शेजारी ठेवूनच दाखवावी लागते.

विहीर खोदताना सुरुंगाने फुटलेले जे दगड वर येतात, त्यांत आमच्या मुलांना गारगोट्या सापडतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांमधून पाणी झिरपत राहिल्याने त्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. प्रत्येक मुलाच्या घरी खिडकीत असा एखादा खडा असतोच. आता अपोलो-१५ ने आणलेल्या बेसाल्टचे छायाचित्र पाहावे : बुडबुड्यांची भोके तशीच आहेत आणि ती रिकामी आहेत. कोट्यवधी वर्षे रिकामीच. त्यांत काही वाढले नाही, कारण झिरपायला पाणीच नव्हते. मी हे फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात. भरलेला दगड हातात आणि रिकामा दगड काचेआड, असे दोन्ही एकाच वेळी समोर असतील तर उतरवून घ्यायची गरज पडणार नाही.

मातीचेही तसेच आहे. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाच्या पहिल्या पावसात फुगून मिटते, हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. ती जमीन पाण्याने, हवेने, मुळांनी आणि कुजलेल्या पाल्याने दगडापासून घडवलेली आहे. चंद्राची माती या अर्थाने मातीच नाही; ती कुटलेली आहे, पिकलेली नाही. लहानमोठ्या उल्कांचा मारा होत होत दगडाचा भुगा झाला, काही कण वितळून काचेसारखे एकमेकांना चिकटले, आणि वारा-पाणी नसल्याने त्या कणांच्या कडा कधी बोथट झाल्याच नाहीत. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला भिंगाखाली हे दोन नमुने दाखवले तर त्यांतली कसाची माती कोणती हे तो लगेच ओळखेल. आणि दुसरी अशी का राहिली, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल.

येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. चांद्रयान-४ चे नमुने उंच प्रदेशातून येणार असतील, तर ते आमच्या काळवत्रीसारखे नसतील. 'प्रज्ञान'वरच्या उपकरणाने चांद्रयान-३ उतरले त्या शिवशक्ती स्थळाजवळ केलेल्या मोजमापांतून तिथली माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइटच्या जातीची असल्याचे दिसले, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ते ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. म्हणजे फिकट दगड, फेल्डस्पार या हलक्या खनिजाने भरलेला; चंद्र कोवळा असताना त्याच्यावर वितळलेल्या खडकाचा जो समुद्र होता, त्यात हलकी खनिजे सायीसारखी वर तरंगून जी साल तयार झाली, तिचा अवशेष. मला तर हे अधिक सोयीचे वाटते. एकीकडे आमचा काळा दगड आणि दुसरीकडे तो पांढुरका, म्हणजे चंद्राचा ससा आणि सशाभोवतालचे चांदणे, असा धडा आपोआप तयार होतो. दूध तापवताना साय का धरते हे ज्या मुलीने रोज पाहिले आहे, तिला अ‍ॅनॉर्थोसाइट समजावणे अवघड नाही.

चकती दिसायला अगदी साधी असेल याचीही मला कल्पना आहे. मुलांना चमचमणारे काहीतरी हवे असते आणि समोर येतील करड्या रंगाच्या चिमटी. काही मुले हिरमुसतील, आणि हिरमुसू द्यावीत. २,१०४ कोटी रुपये खर्चून माणसे ही राख का आणतात, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर त्या दिवसाचा तास सार्थकी लागला.

आता मुख्य अडचणीकडे वळते, कारण माझ्या मते ती चंद्रावर नसून आमच्या कार्यालयांत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला एका कार्यालयाकडून खडक व खनिजांची एक लाकडी पेटी मिळाली. चाळीस कप्पे, प्रत्येकात एक खडा, झाकणावर यादी. पेटी आली त्याच दिवशी तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद झाली आणि त्याच दिवशी तिला कुलूप लागले. वस्तू हरवली तर वसुली होते, हे आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाला पहिल्या नेमणुकीतच कळते. वस्तू वापरली नाही तर काही होत नाही, हेही तितक्याच लवकर कळते. पहिले मुख्याध्यापक बदलून गेले तेव्हा कार्यभार देताना चाळीस खडे मोजून दिले गेले. दुसऱ्यांच्या वेळीही चाळीस भरले. तिसऱ्या वर्षी मी हट्ट करून ती पेटी सातवीच्या वर्गात उघडली. मुलांनी प्रत्येक खडा हातात घेतला, हुंगला, एकाने तर चाटून पाहिला. संध्याकाळी मोजले तर एकोणचाळीस. अभ्रकाचा तुकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो एका मुलाने वहीच्या कागदात गुंडाळून स्वतः आणून दिला. आईला दाखवायला नेला होता म्हणाला. तोवर माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला होता. तो खुलासा मी दिला, आणि पेटी पुन्हा कुलपात गेली ती अजून तिथेच आहे, पूर्ण चाळीस खड्यांसह, अगदी सुरक्षित.

महोदय, चंद्राच्या चकतीचे असे होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र इतके लांबले आहे. दहा कुलपांच्या अटी घालून चकती जिल्ह्याला पाठवली, तर ती कधीच हरवणार नाही आणि ती कुणी कधी पाहणारही नाही. कागदावर या दोहोंतला फरक दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

नमुने हरवतात, चोरीला जातात, हे मी लपवत नाही. नासाच्या महानिरीक्षकांच्या २०११ च्या अहवालानुसार १९७० ते २०१० या काळात उसने दिलेले ५१७ नमुने हरवले किंवा चोरीला गेले. त्यांत चंद्राचे होते, तसेच उल्कांचेही होते. तरीही नासाने देणे थांबवले नाही, नोंदी अधिक नीट ठेवायला घेतल्या. आणि सर्वांत धाडसी चोरी झाली ती कुठल्या खेड्यातल्या शाळेतून नव्हे. २००२ मध्ये खुद्द ह्यूस्टनच्या केंद्रात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांनी चंद्राचे १०१ ग्रॅम नमुने असलेली सुमारे २७० किलोची तिजोरीच उचलून नेली होती. ते पकडले गेले, नमुने परत मिळाले.

नोंदी नसल्या तर काय होते, याचे याहून मजेशीर उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या माजी पंतप्रधानांना १९६९ मध्ये भेट मिळालेला 'चंद्राचा दगड' पुढे ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये गेला, आणि २००९ मध्ये तपासणी झाली तेव्हा ते अश्मीभूत लाकूड निघाले. म्हणून चकतीबरोबर तिचा क्रमांक, ती कुठल्या जागेवरून उचलली त्याची नोंद आणि तिच्या आजवरच्या मुक्कामांची वही आली पाहिजे. आमच्या मुलांनी चकती पाहण्याआधी ती वही वाचावी असे मला वाटते. दगड खरा आहे हे दगडावरून कळत नाही, ते वहीवरून कळते, हाही विज्ञानातलाच पाठ आहे.

शिक्षकांवर विश्वास टाकता येईल का, हा प्रश्न मात्र मला थोडा मौजेचा वाटतो. दर निवडणुकीला मी मतदान केंद्राध्यक्ष असते. मतदान यंत्र माझ्या सहीने ताब्यात मिळते, सकाळी अभिरूप मतदान घेऊन मी ते मोहोरबंद करते, दिवसभर त्याच्याशेजारून हलत नाही, आणि रात्री किती का वाजेनात, ते नमुना सतरा-सी, म्हणजे मतांच्या हिशेबाचा कागद, यासह जमा करूनच घरी जाते. (आमच्याकडे 'नमुना' म्हटले की आधी कागद आठवतो, चंद्र नंतर.) दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिका तालुक्याच्या परिरक्षक केंद्रात, म्हणजे पहाऱ्यातल्या कुलूपबंद खोलीत, ठेवल्या जातात, तिथून सीलबंद पाकिटे सहायक परिरक्षक परीक्षा केंद्रावर नेतात, आणि हे काम करणारेही आमचेच सहकारी असतात. लोकशाहीचे यंत्र आणि लाखो मुलांचे भवितव्य ज्यांच्या सहीवर फिरते, त्यांच्या सहीवर चंद्राची चिमूटभर माती तीन दिवस शाळेत राहू शकणार नाही, असे आपण म्हणणार नाही अशी मला आशा आहे. नवी तिजोरी घ्यायची गरज नाही. परिरक्षक केंद्र वर्षातले बरेच महिने रिकामेच असते; रात्री चकती तिथे, दिवसा प्रदर्शनात, आणि तिच्याशेजारी बारी लावून बसलेले दोन शिक्षक.

फक्त दोन अटी चकतीच्या नियमावलीत स्पष्ट लिहून याव्यात. निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय शिक्षकाकडून वसुली होणार नाही, ही एक. आणि चकती किती वेळ तिजोरीत होती याऐवजी ती किती मुलांनी पाहिली याचा आकडा प्रत्येक मुक्कामाच्या वहीत भरला जाईल, ही दुसरी. पहिली अट शालेय शिक्षण विभागाच्या हातात आहे, म्हणून त्यांना प्रत देत आहे. चकती एसटीच्या रॅकवर पिशवीतून जाणार नाही, तिच्यासोबत दोघे जण जातील, प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती कुणाला मिळणार नाही, या बाकीच्या गोष्टी आपले अधिकारी आमच्यापेक्षा चांगल्या लिहितील.

हिशेबाचे म्हणाल, तर चांद्रयान-४ कडून दोन-तीन किलो नमुने येण्याची अपेक्षा आहे. दोन किलो धरले तरी शंभरातला एक भाग म्हणजे २० ग्रॅम. एका चकतीत अर्धा ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या भाषेत साधारण चार गुंजा, घातला तर देशभरासाठी ४० चकत्या होतात. संशोधकांचा घास काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. लुनाच्या तीन यानांनी मिळून जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम आणले होते आणि तेवढ्यावर जगभर काम झाले. चीनच्या छांग-अ-५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणि छांग-अ-६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूने १,९३५.३ ग्रॅम आणले. अपोलो-१७ ची एक नळी तर पन्नास वर्षे न उघडता ठेवून २०२२ मध्ये उघडली गेली, पुढच्या पिढीकडे अधिक चांगली उपकरणे असतील म्हणून. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवण्याची ती रीत मला फार आवडते; माझी विनंती एवढीच की त्या पिढीपैकी जी मुले आज आठवीत आहेत, त्यांचाही वाटा त्यात धरावा. वाटप एकदा झाले की मागून मागणाऱ्याला काही उरत नाही, हे आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून यान उडण्याआधीच मागते आहे.

चाळीसपैकी एक चकती मराठवाड्याला मिळाली तरी तिचा फेरा सहज बसतो. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव असे आठ जिल्हे, आणि जून ते जानेवारी असे आठ महिने. फेब्रुवारीत परिरक्षक केंद्रे परीक्षेच्या कामाला लागतात, तेव्हा चकती परत. तिचे कायमचे ठाणे एखाद्या विद्यापीठात असावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे, शिक्षकांचे प्रशिक्षणही तिथे होऊ शकेल. सोबतची पुस्तिका मराठीत असावी आणि ती इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली नसावी. लागल्यास ती आम्ही काही शिक्षक मिळून लिहून देऊ.

चांद्रयान-४ ला अजून अवकाश आहे. तोवरच्या काळासाठी आपल्याकडे एक वस्तू आजही आहे. चांद्रयान-२ च्या तयारीसाठी तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यात सापडणारा अ‍ॅनॉर्थोसाइट दळून आपण चंद्राच्या मातीची नक्कल बनवली आणि तिच्यावर उतरण्याच्या आणि चाक चालवण्याच्या चाचण्या घेतल्या. त्या नकलेचे पन्नास-पन्नास ग्रॅम छोट्या बरण्यांत भरून, वर ठळक अक्षरांत 'नक्कल' असे लिहून, जिल्ह्याजिल्ह्यांच्या प्रदर्शनांना पाठवता येतील. तिला हात लावता येईल, ती चिमटीत घेता येईल, सांडली तरी कुणाला खुलासा द्यावा लागणार नाही. आणि पुढच्या वर्षी आमच्या मुलांना चुलीतली राख चाळावी लागणार नाही.

आमच्या बाजूची तयारी आम्ही सुरू केली आहे. मुलांनी एक उघडी फळी केली आहे, कुलूप नसलेली. तिच्यात काळवत्री, भोके असलेला पण रिकामा राहिलेला एक दगड (तोही आमच्याकडे क्वचित सापडतो), गारगोटी भरलेला दगड, दोन थरांमधली तांबडी माती आणि काळ्या जमिनीचे ढेकूळ असे पाच नमुने आहेत. सहावा लोणारचा हवा होता. सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात असले तरी आमच्यापासून जवळच आहे, आणि बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना फार मोलाचे वाटते. पण तिथे अभयारण्य आहे. दगड उचलायचा नाही असे मी मुलांना सांगितले आणि त्यांनी तो उचलला नाही. त्या कप्प्यात सध्या लोणारचे छायाचित्र लावले आहे.

फळीवर सातवा कप्पा पंधरा सेंटीमीटर रुंद ठेवला आहे. आपली चकती याहून मोठी होणार असेल तर कृपया आधी कळवावे, म्हणजे सुताराकडे जाता येईल.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
जिल्हा परिषद प्रशाला, जालना जिल्हा